तिसऱ्याने माझं काय बिघडवलंय?

बेहेरेकाकांना कारली अजिबात आवडत नसत, आणि आमच्या ओळखीच्या पहिल्या वर्षात मी त्यांना सगळ्यात जास्त काय खाताना पाहिलं असेल, तर कारलीच.

अल कुसैसच्या त्या इमारतीत आमचं दार त्यांच्या दारासमोर. काका एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होते. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला सुट्टीच्या दिवशीही कडक इस्त्री. त्यांच्याकडे सात माणसं बसतील अशी गाडी होती आणि शुक्रवारी सकाळी ती गाडी रास अल खोरच्या घाऊक भाजीबाजाराला निघायची. चार बिऱ्हाडं मिळून भाजीच्या पेट्या घ्यायच्या आणि घरी आणून वाटून घ्यायच्या, अशी पद्धत. मी नवी नवी दुबईत आलेली. पहिल्याच शुक्रवारी गाडी सुरू करण्याआधी काकांनी मान मागे वळवली आणि म्हणाले, "आज पेटी कुठली घ्यायची? मतदान घेऊ."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण सगळ्यांनी निमूटपणे हात वर केले. काकांना वांगी हवी होती. दोडक्यांना जास्त मतं पडली. कुणीतरी उगाच चेष्टेत कारल्याचंही नाव घेतलं होतं. दोडक्याची पेटी गाडीत चढली, आणि मग काकांनी एकट्याने जाऊन कारल्याची अख्खी पेटी उचलून आणली.

"अठरा दिरहम," ते म्हणाले, "म्हणजे दोनशेच्या वर रुपये. असू दे."

"काका, तुम्हाला कारली आवडतात?" मी विचारलं.

"छे. तोंडात धरवत नाहीत."

"मग?"

त्यांनी तर्जनी वर केली. महत्त्वाचं बोलताना ती आपोआप वर जायची. "वांग्यांना कुणी पाडलं? दोडक्यांनी. मग दोडका माझ्या घरात येणार नाही. तिसऱ्याने माझं काय बिघडवलंय?"

पुढचा आठवडाभर त्यांच्या स्वयंपाकघरातून कडू वास येत राहिला. सुधाकाकू, त्यांच्या पत्नी, रोज एक वाटी आमच्याकडे द्यायच्या आणि म्हणायच्या, "घे बाई. आमच्याकडे निवडणूक झालीय."

ह्या माणसाला मतदानाचं वेडच होतं. एसी कितीवर ठेवायचा, शारजाच्या रस्त्याने जायचं की मधल्या, चहा आधी की पोहे आधी, सगळ्याला हात वर. एकदा लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा त्यांनी वॉचमनला फोन करावा की दार ठोकावं ह्यावर मत घेतलं. आमच्याबरोबर एक फिलिपिनो नर्स होती. तिला काही कळलं नव्हतं, पण तिने सभ्यपणाने दोन्ही वेळा हात वर केला. काकांनी तिला समजावून सांगितलं की असं चालत नाही, एकदाच करायचा. त्यांची मुलगी केतकी तिथेच वाढलेली, तिथल्याच शाळेत अकरावीला. ती म्हणायची, "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग."

पण मतदान ही नुसती आवड. खरी गोष्ट ती तिसऱ्याची. आपला उमेदवार पडला की माणसं हळहळतात आणि त्यातल्या त्यात बऱ्याला मत देतात. काकांना हे ढोंग वाटे. ज्याच्यामुळे आपला माणूस पडला त्याच्याच गळ्यात माळ घालायची, तर मग आपल्या माणसावर प्रेम कसलं, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड वाटायचा. त्याचं उत्तर कारल्याच्या चवीचं असायचं, एवढंच.

ऑफिसातही त्यांनी हेच केलं होतं. त्यांच्या मित्राला डावलून दुसऱ्याला मॅनेजर केलं, तेव्हा काकांनी अर्ज देऊन रास अल खैमाच्या साइटवर बदली मागून घेतली. तिथे सिरॅमिक कारखान्याचं वाढीव बांधकाम चालू होतं आणि तिथला इजिप्शियन साहेब म्हणजे काकांचा जुना वैरी. दोघांची ईमेलवरची भांडणं कंपनीभर माहीत होती. साहेबाने पहिल्याच दिवशी विचारलं, "हबीबी, यू डोन्ट लाइक मी. व्हाय यू कम?" काका म्हणाले, "सर, धिस टाइम यू डिड नथिंग." हे त्यांनी आम्हाला फार अभिमानाने सांगितलं. रोज तासाभराचं जाणं आणि तासाभराचं येणं, तेही नावडत्या माणसाकडे. सुधाकाकूंनी कपाळावर हात मारला.

आता शालिनीताईंबद्दल सांगायला हवं, कारण काकांच्या ह्या तत्त्वाची सगळ्यात मोठी किंमत ताईंनीच मोजली.

शालिनीताई शाळेत गणित शिकवायच्या आणि आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत उकडीचे मोदक करायच्या. 'करायच्या' म्हणजे आम्हा सगळ्यांकडून करून घ्यायच्या. आदल्या दिवशी त्यांच्या घरी बायका जमायच्या, पुरुष नारळ खवायला बसायचे, उकड मळताना कुणी हयगय केली की ताईंचा आवाज शाळेतल्यासारखा चढायचा. हजाराच्या घरात मोदक व्हायचे. खरं सांगायचं तर मला त्या दिवसाचा धसका असे. हात भाजायचे, पाठ धरायची, आणि माझ्या मोदकाला पाकळ्या कधी आल्याच नाहीत. ताई माझे मोदक उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "मीनल, ह्याला आपण कचोरी म्हणू." पण दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये तो मोदक पानात पडला, वर तूप आलं, की सगळा हॉल थोडा वेळ गप्प व्हायचा. माणसं आपापल्या गावी जाऊन यायची. काका ताईंना फार मानत. "ही बाई नसती तर हे मंडळ म्हणजे नुसता लकी ड्रॉ आहे," असं ते म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात मंडळाची निवडणूक आली. मंडळात दोन पॅनेलं होती. आमचं उदय पॅनेल आणि समोरचं नवरंग पॅनेल. नवरंगचे शिरीष कुलकर्णी अध्यक्षपदाला उभे होते आणि त्यांचा जाहीरनामा एका ओळीचा होता: मोदकांसकट सगळं जेवण केटररकडून आणायचं, बायकांची स्वयंपाकातून सुटका करायची. मला मनातून हा जाहीरनामा पसंत होता, पण आमच्या गाडीत बसून हे बोलायची सोय नव्हती. कुलकर्णींनी एका वर्षी नारळ कमी पडला म्हणून सारणात पाकिटातला सुका चुरा मिसळला होता, तेव्हापासून काका त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हते.

उदय पॅनेलने आधी आपसात मतदान करून आपला उमेदवार ठरवायचा होता. दोन नावं होती, शालिनीताई आणि निखिल दाते. निखिल बँकेत होता, तिशीतला, हुशार. त्याने प्रोजेक्टर आणला आणि वेबसाइट, स्पॉन्सर, युवा विभाग असं सगळं भिंतीवर दाखवलं. ताईंनी अळूवडी आणली आणि म्हणाल्या, "मी काय करते ते तुम्हाला माहीतच आहे." सगळ्यांनी अळूवडी खाल्ली, आणखी मागून खाल्ली, आणि मतं निखिलला दिली. ताई थोडक्यात पडल्या.

ताई हसल्या. "चला, पोरगा कामाचा आहे," म्हणाल्या आणि रिकामा डबा पिशवीत ठेवला. काका मात्र खुर्चीतून उठलेच नाहीत. परतीच्या प्रवासात एसीवरसुद्धा मत घेतलं नाही, तेव्हाच आम्हाला काय ते कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक. बाहेर काका आणि त्यांच्या मागे चार पावलं सोडून चक्क शिरीष कुलकर्णी.

"मीनल, जरा तुझ्या हॉलमध्ये बसतो. आमच्याकडे सुधा ह्यांना बसू देत नाहीये."

दोघं माझ्या सोफ्याच्या दोन टोकांना बसले. मी चहा ठेवला. तरी कुणी बोलेना. शेवटी काका माझ्याकडे बघून म्हणाले, "मीनल, ह्यांना सांग, माझ्या गाडीतली सगळी मतं ह्यांच्या पॅनेलला."

कुलकर्णी काकांपासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मी त्यांच्याकडे वळले. "काका म्हणताहेत..."

"ऐकलं मी," कुलकर्णी म्हणाले. "त्यांना सांग, आम्हाला आनंद आहे."

"ह्यांना सांग, आनंद करू नका. मी तुमच्यासाठी करत नाहीये."

"त्यांना विचार, मग कुणासाठी?"

"शालिनीताईंसाठी."

कुलकर्णींनी चहाचा घोट घेतला, विचार केला आणि मला म्हणाले, "मीनल, त्यांना एकदा विचार, की शालिनीताईंचं स्वयंपाकघर बंद करायला निघालेलं पॅनेल आमचंच आहे, हे त्यांना ठाऊक आहे ना?"

एवढं उमदेपण मी कुठल्याच उमेदवारात पाहिलेलं नाही. काकांची तर्जनी वर गेली. "ह्यांना सांग, तो पुढचा प्रश्न. ताईंना ह्यांनी पाडलेलं नाही. निखिलने पाडलंय."

बातमी ताईंपर्यंत जायला एक दिवस लागला. त्या स्वतः आल्या. मी तिथेच होते, कारण सुधाकाकूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"भाऊजी, हे काय ऐकते मी?"

"ताई, तुमच्यावर अन्याय झालाय."

"माझ्यावर झालाय ना? मग मी सांगते काय करायचं ते. निखिलला मत द्या. तो मोदक बंद करणार नाही, मी त्याच्याकडून शब्द घेतलाय. मला अध्यक्षपद नको होतं हो, मला फक्त ते एक हवंय."

"तुम्ही मोठ्या मनाच्या आहात. मी नाही."

"अहो, पण तुम्ही माझ्यासाठी करताय ना? मग मला विचाराल तरी की नाही?"

केतकी आतून म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट हाउ व्होटिंग वर्क्स." सुधाकाकू पोळ्या लाटत होत्या, त्यांनी मान वर न करता म्हटलं, "नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे. तसं आहे ह्यांचं." ताईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले. मला काकांचा त्या क्षणी मनापासून राग आला.

मतदान अल कुसैसमधल्याच एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये होतं. मधून चालायची वाट, डावीकडे उदय, उजवीकडे नवरंग. काका नेहमीप्रमाणे डावीकडे येऊन बसले. निखिल बोलायला उठला, तसे तेही उठले, आपली प्लॅस्टिकची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि वाट ओलांडून पलीकडे नेऊन ठेवली. त्यांच्यामागे गाडीतली माणसं एकेक करून आपापल्या खुर्च्या घेऊन गेली. जाणार नाहीत तर काय. परत घरी कोण सोडणार? फक्त सुधाकाकू होत्या तिथेच बसून राहिल्या. मोजणी झाली. कुलकर्णी थोडक्या मतांनी निवडून आले. लोकांनी काकूंना विचारलं, तुम्ही कुणाला दिलंत? काकू म्हणाल्या, "मतदान गुप्त असतं."

त्यानंतर मंदी आली आणि दुबईने आम्हा सगळ्यांनाच हात वर करायला लावले. नोकरी गेलेल्यांत रोज कुणाचं तरी नाव यायचं. आमच्या पार्किंगमध्ये गाड्यांवर धूळ साचत गेली आणि त्यांचे मालक परत आले नाहीत. बायका एकमेकींना मिक्सर, पडदे, कुंड्या विकू लागल्या. काकांचं दुबईतलं जुनं डिपार्टमेंट अख्खं बंद झालं. त्यांच्या मित्राला डावलून जो मॅनेजर झाला होता, तोही गेला. रास अल खैमाची साइट मात्र चालू राहिली आणि काकांची नोकरी टिकली. "बघ," ते मला म्हणाले, "तिसरा." पण तर्जनी वर गेली नाही. शालिनीताईंच्या यजमानांची नोकरी गेल्याची बातमी त्याच आठवड्यातली होती. शाळेच्या एका पगारावर तिथे घर चालणं शक्य नव्हतं. गणपती झाले की ते पुण्याला परत जाणार, असं ठरलं.

म्हणजे ताईंचा हा शेवटचा गणपती, आणि मोदक केटररचे.

कुलकर्णींनी शब्द पाळला, त्यांना दोष देता येणार नाही. गणपती त्या वर्षीही रमजानात आले होते, त्यामुळे जेवणं सूर्यास्तानंतर. हॉलच्या कोपऱ्यात स्टीलचे मोठे ट्रे, त्याखाली बर्नर, टाय लावलेले वाढपी. मोदक साच्यातले होते. सगळे एकसारखे, सुबक, वर चांदीचा वर्ख, आणि फ्रीजमधून थेट आलेले असावेत, कारण चमचा लावला तर मोदकच ताटलीतून पळायचा. काका रांगेत उभे होते. वाढपी अदबीने पुढे झाला. "साब, मीठा मोमो दूँ?"

काकांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं, ते मी कारल्याच्या आठवड्यातही पाहिलं नव्हतं.

"ये मोदक है," ते हळूच म्हणाले.

"हाँ साब, वही. व्हेज मोमो."

काकांनी दोन घेतले आणि ताई बसल्या होत्या तिथे जाऊन बसले. ताईंनी आपला मोदक फोडला, एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "चांगला आहे हो. आणि एक भांडं घासायचं नाही." त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकांनी ते दोन्ही मोदक पूर्ण खाल्ले, सारणाचा कणही उरवला नाही. मीही खाल्ला. ज्या सुटकेची मी इतकी वर्षं वाट बघत होते, ती मिळाली होती आणि घशाखाली उतरत नव्हती. त्या संध्याकाळी काकांनी गाडीत कुणालाच काही विचारलं नाही.

ताई गेल्या. मग कुलकर्णींचंही ऑफिस बंद झालं आणि तेही गेले. जायच्या दिवशी दोघांनी हस्तांदोलन केलं, माझ्यामार्फत नाही. मंडळात इतकी थोडी माणसं उरली की दोन पॅनेलं परवडेनात. सगळे मिळून एकच बैठक बोलावली, नवा अध्यक्ष निवडायला. एकाने बेहेरेकाकांचं नाव सुचवलं, सगळ्यांत जुने आणि नोकरी शाबूत असलेले म्हणून. दुसऱ्याने निखिलचं सुचवलं, तो अजून टिकून होता. तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"माझं एक नाव आहे. शालिनीताई."

"काका, त्या पुण्यात आहेत," निखिल म्हणाला.

"अध्यक्ष इथेच राहायला हवा असं आपल्या नियमांत कुठे आहे? ईमेलवर चालवतील."

नियमांत खरंच नव्हतं. तिन्ही नावांवर चिठ्ठ्या टाकल्या. ताईंना दोन मतं पडली. एक काकांचं. दुसरं कुणाचं, ते मी सांगणार नाही, मतदान गुप्त असतं. सगळ्यांत जास्त मतं काकांनाच होती. ताईंचं नाव बाद झालं आणि काका व निखिल अशी दुसरी फेरी घ्यायची ठरली, हात वर करून. निखिलने मोजलं. दोन्हीकडे सारखे हात. काकांनी अजून हात वर केला नव्हता.

"काका, तुमचं स्वतःचं मत राहिलंय," निखिल म्हणाला. "संकोच करू नका. द्या स्वतःला. आम्हाला आनंदच आहे."

काका खाली बघत बसले होते. मला आधी वाटलं, विनय असेल. मग सुधाकाकूंकडे बघितलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ताईंना ह्या वेळी कुणी पाडलं होतं? बेहेरेंनी. आणि ज्याने आपला माणूस पाडला, त्याला बेहेरे मत देत नाहीत.

त्यांनी हात वर केला, सरळ, कोपरात न वाकवता. निखिलला.

एका मताने निखिल अध्यक्ष झाला. काका स्वतःच्या मताने पडले, आणि मंडळाच्या इतिहासात पडल्यावर इतका खूश झालेला उमेदवार दुसरा नसेल. निखिलने त्याच बैठकीत विचारलं, की केटररचं काय करायचं. त्यावर मतदान घ्यायची वेळ आली नाही.

पुढच्या वर्षी बेहेरे रास अल खैमाला राहायला गेले आणि आमचं येणंजाणं हळूहळू फोनपुरतं उरलं. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते त्याआधीच्या, शेवटच्या गणपतीच्या आदल्या दिवशीचे. मोदक त्यांच्याच घरी होते. काका जमिनीवर वर्तमानपत्र पसरून विळीवर नारळ खवत होते, इस्त्रीच्या शर्टात. केतकी मोदकाला पाकळ्या पाडत होती आणि तिच्या पाकळ्या माझ्यापेक्षा चांगल्या येत होत्या. मध्ये पातेल्याला टेकवून फोन ठेवला होता, स्पीकरवर पुण्याहून ताई.

"उकड गरम असतानाच मळा गं. मीनल आहे का? तिला तूप लावायला बसवा, मोदक करू देऊ नका."

सगळे हसलो. मग ताईंनी विचारलं, "भाऊजी आहेत का तिथे?"

"आहे, ताई."

"शेवटी निखिललाच दिलंत ना मत? मी तेव्हा पदर पसरला तुमच्यापुढे. मला तेवढंच हवं होतं."

काकांनी खवलेला नारळ विळीवरून बाजूला सारला.

"तेव्हा तो दुसरा होता, ताई," ते म्हणाले. "आता तिसरा आहे."

फोनमधून ताई खळखळून हसल्या, आणि हसू संपत आलं तसा त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला. काकांची तर्जनी वर गेलीच होती, ती त्यांनी खाली घेतली, नारळाची दुसरी कवड उचलली आणि पुन्हा खवायला लागले.